लाल आकडे पाच, पण भ्यायचं नेमकं कोणाला?

डबेवाली_काकू
१२ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नागपुरात मेडिकल चौकाजवळ माझी मेस आहे. रोजचे ३८ डबे, त्यातले निम्मे मेडिकल कॉलेजच्या पोरापोरींचे. आजवर इथं नुसती वाचत होते, विचारायची वेळ आज आली. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ४२ वर्षांचा. महालात होजिअरीचं दुकान. अंगानं काडी, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. २९ मेला, ऐन नवतप्यात, दुपारी दुकान टाकून घरी आला तो घामानं निथळत, डावा खांदा दाबत. आम्ही सगळ्यांनी एका तोंडानं ठरवलं, ऊन लागलं. आईनं कैरीचं पन्हं दिलं, तळपायाला कांदा चोळला, कूलरपुढं निजवलं. शेजारच्यांनी ग्लुकोज आणलं, तेही पाजलं. असे तीन तास गेले. मग ओकारी झाली, जबडा दुखतो म्हणाला, तेव्हा कुठं ऑटो बोलावला. ईसीजी, ट्रोपोनिन, रात्रीच अँजिओग्राफी. हृदयाची पुढची मोठी नळी ९५ टक्के बंद. एक स्टेंट टाकला. आता बरा आहे, अर्धा दिवस दुकानात बसतो.

माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट दुसरीच. मागच्या ऑक्टोबरात विम्यासाठी त्यानं रक्त तपासलं होतं. टोटल कोलेस्टेरॉल १८६, ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल (चांगलं म्हणतात ते) ३८, एलडीएल (वाईट म्हणतात ते) ११८. एचडीएलपुढं एक बारीक चांदणी, बाकी सगळं नॉर्मल. तो कागद त्यानं देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला होता. सात महिन्यांत अटॅक.

आणि मग आमचे नातेवाईक. "बहिणीची मेस, तर्री खाऊन खाऊन झालं." तो माझ्या हातचं महिन्यातून एकदा जेवतो, तेही वरण-भात. पण तोंडाला कोण लागणार? वडील १९९१ च्या दिवाळीत गेले, ४६ चे होते. मिलमध्ये होते, रात्रपाळी असायची, बिडी असायची. आई आजही म्हणते, रात्रपाळीनं नेलं.

माझ्या डब्यावर तिसऱ्या वर्षाची एक पोरगी आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, वडील आणि भाऊ दोघंही पन्नाशीच्या आत. तुम्ही एकदा लायपोप्रोटीन-ए करून घ्या." लॅबला फोन केला. नुसती ती तपासणी ११०० रुपये, हृदयाचं पूर्ण पॅकेज २९००. आपली बाजारातली सवय, जास्त माल कमी भावात दिसला की हात जातो. पॅकेज घेतलं. सकाळी साडेसहाला पोरगा स्कूटरवर येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट, नऊ पानांचा, वर लाल हृदयाचं चित्र.

लाल अक्षरात आले ते असे: लायपोप्रोटीन-ए ८८ (३० च्या आत पाहिजे म्हणे), हाय-सेन्सिटिव्ह सीआरपी ११.६, होमोसिस्टीन २४, बी-१२ १६८ आणि व्हिटॅमिन डी १४. नागपुरात राहून व्हिटॅमिन डी कमी! या उन्हात इथं डांबर पातळ होतं, पण माझ्या हाडांना त्याचा पत्ता नाही.

काळ्या अक्षरात: टोटल १९९, ट्रायग्लिसराइड १३०, एचडीएल ४६, एलडीएल १२७, एपो-बी ११२, तीन महिन्यांची साखर ५.९.

माझं वय ४७, वजन ६४, बीपी १३०/८४. मी माळकरी, रविवारी पोरांसाठी मटण रांधते पण चाखत नाही, चव नवरा पाहतो.

आता प्रश्न. या पाचांत खरा वैरी कोणता? आणि दुसरा, जो रात्री झोपू देत नाही. इतवारीतून मी सोयाबीन तेलाचा १५ किलोचा पिपा आणते, तो १२ दिवस जातो. काल पोराच्या वहीत मागच्या पानावर हिशेब मांडला. १५,००० भागिले १२ भागिले ३८. डब्यामागं दिवसाला जवळजवळ ३३ ग्रॅम. ३८ लेकरांना मी रोज काय खाऊ घालून राहिले? तिसरा, माझा मुलगा १५ वर्षांचा, दहावीत. त्याचंही रक्त पाहायचं का?

सक्करदरा_राजू
१२ जुलै, रात्री ११:१५

काकू, काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? हे लॅबवाले लोकायले भेववतेच. लाल नाही केलं तं पुन्हा कोण येईन? माह्या सासऱ्यानं अर्जुनसालीचा काढा आन् लसूण, चाळीस दिवस. ब्लॉकेज साफ. रोज सकाळी फुटाळा तलावाले दोन चकरा. डॉक्टरचं तोंड नाही पाहिलं. अन् तर्रीचं म्हणाल तं तर्री काही करत नाही, आपण लहानपणापासून पिऊन राहिलो.

डबेवाली_काकू
१३ जुलै, पहाटे ५:०५

राजूभाऊ, सासरेबुवांचं ब्लॉकेज साफ झालं हे कुठल्या अँजिओग्राफीत दिसलं? फुटाळ्याच्या चकरा मात्र घेते मनावर. कणीक भिजवायची आहे, येते नंतर.

सुई_टोचणारी
१३ जुलै, दुपारी २:२०

ताई, मी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये १९ वर्षं टेक्निशियन आहे. औषधपाण्याचं मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण नळीतल्या रक्ताचं कळतं मला. दोन गोष्टी आधी सांगा.

एक, रक्त दिलं त्या आठवड्यात ताप, सर्दी, दाढदुखी, लघवीची जळजळ, गळू, काही होतं का? सीआरपी म्हणजे अंगातल्या दाहाची खूण, तुमची ११.६ म्हणजे दहाच्या वर. हृदयाच्या हिशेबानं हा आकडा असा वाचतात: एकच्या आत चांगला, एक ते तीन मधला, तीनच्या वर जास्त. पण दहाच्या वर गेला की तो हृदयासाठी वाचायचाच नसतो. अंगात कुठंतरी दुसरी गडबड आहे असं धरायचं आणि ती बरी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. साधी सीआरपी आणि हाय-सेन्सिटिव्ह यांत वस्तू एकच मोजतात. दुसरीचा तराजू बारीक, सोनाराच्या काट्यासारखा. म्हणून आजारी असताना ती करण्यात अर्थ नसतो.

दोन, तो स्कूटरवाला तुमच्याकडून सरळ लॅबला गेला की पुढं आणखी चार घरं केली? होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल, त्याची खोड अशी की रक्त नळीत नुसतं पडून राहिलं तरी वाढतं. तांबड्या पेशी ते बाहेर सोडत राहतात, दर तासाला दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून नमुना लगेच फिरवून पाणी वेगळं करायचं, नाहीतर बर्फात ठेवायचा. सकाळी साडेसहाचं रक्त दहाला लॅबमध्ये पोचलं तर २४ मधले काही तुमचे आणि काही स्कूटरचे. कोणाची तक्रार नाही करत, रोज पाहते म्हणून सांगते.

लायपोप्रोटीन-ए मात्र बरोबर असणार. त्याला उपाशी राहावं लागत नाही, नळीत चार तास पडून फरक पडत नाही.

डबेवाली_काकू
१३ जुलै, रात्री ९:५०

अगं बाई! दाढ! उजवीकडची खालची, रक्त द्यायच्या आधी चार दिवस गाल सुजला होता. लवंग धरून डबे भरले. आणि स्कूटरवाल्या पोरानं माझ्याच समोर फोनवर म्हटलं, "मानेवाड्याचे दोन करून येतो." म्हणजे २९०० तले दोन लाल तर असेच गेले.

निवृत्त_फिजिशियन
१४ जुलै, सकाळी ८:३०

ताई, वाचलं. ३५ वर्षं औषधशास्त्र शिकवलं आणि रुग्ण पाहिले, आता फक्त नातवाला पाहतो. इथं मी तुमचा डॉक्टर नाही. हे सगळं छापून तुमच्या फिजिशियनपुढं ठेवा.

तुम्ही विचारता लाल पाचांत वैरी कोणता. आधी एक फरक समजून घ्या, जो लॅबची छपाई दाखवत नाही. रक्तातल्या काही गोष्टी रोग घडवतात आणि काही फक्त रोगाच्या जागी सापडतात. पंचनाम्याला हजर असलेला प्रत्येक माणूस आरोपी नसतो.

होमोसिस्टीन घ्या. १९६९ साली किल्मर मॅक्युली नावाच्या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं लहान मुलांच्या रोहिणींमध्ये म्हाताऱ्यांसारखा बिघाड पाहिला. त्या मुलांच्या रक्तात होमोसिस्टीन भरमसाट होतं. त्यातून त्यानं कल्पना मांडली की हाच हृदयरोगाचा गुन्हेगार असावा. पुढं अनेक पाहण्यांत होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना अटॅक जास्त दिसले. सगळ्यांना वाटलं, आता फॉलिक अॅसिड आणि बी-१२ द्या, काम झालं. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. गोळ्यांनी आकडा खाली आला, अटॅक मात्र कमी झाले नाहीत. मी स्वतः नव्वदच्या दशकात कितीतरी लोकांना त्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. तुमचं बी-१२ १६८ आहे, माळकरी माणसात ते नेहमीचंच. ते भरून काढा, कारण नसा आणि रक्त त्यावर चालतं. हृदयासाठी म्हणून नव्हे. व्हिटॅमिन डीचंही तसंच. २०१८ साली जवळजवळ २६,००० लोकांवरच्या चाचणीचा निकाल आला, डी देऊन अटॅक कमी झाले नाहीत. हाडांसाठी घ्यायचं तर घ्या.

सीआरपीचा मामला जरा बारीक आहे. जन्मतःच ज्यांच्या जनुकांमुळे सीआरपी जास्त असते, त्यांना हृदयरोग जास्त होत नाही. म्हणजे सीआरपी स्वतः नळी खराब करत नाही. पण ज्या दाहामुळे ती वाढते तो दाह करतो. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब नावाच्या दाहविरोधी इंजेक्शनची चाचणी आली, १०,००० वर रुग्ण. कोलेस्टेरॉलला हातही न लावता अटॅक घटले. इंजेक्शन महाग आणि जंतुसंसर्गाचा धोका, म्हणून हृदयासाठी कोणी वापरत नाही. पण सिद्ध झालं ते झालं. तुमची सीआरपी दाढेची आहे. दाढ दाखवा, मग मोजा.

राहिलं लायपोप्रोटीन-ए. हे मात्र घडवणाऱ्यांपैकी. १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलं. एलडीएलचाच कण, त्याला एक प्रथिनाचं शेपूट चिकटलेलं. ते शेपूट दिसायला आपल्या शरीरातल्या रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या प्रथिनासारखं. म्हणजे हा कण नळीत चरबीही साठवतो आणि गाठी विरघळण्यात अडथळाही आणत असावा. किती तयार करायचा ते सहाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक ठरवतं. आईकडून एक प्रत, बापाकडून एक. वयाच्या पाचेक वर्षांनंतर आकडा जवळजवळ तोच राहतो. तेल सोडा, फुटाळ्याला दहा चकरा मारा, वजन उतरवा, हलत नाही. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्या, त्यांनीही उतरत नाही. आपल्या उपखंडातल्या लोकांत तो युरोपीय लोकांपेक्षा सरासरीनं जास्त असतो. ५० च्या वर धोका धरतात, तुमचा ८८ आहे.

आता खरं बोलतो. तुमच्या रिपोर्टमध्ये मला ज्यानं थांबवलं ते काळ्या अक्षरात आहे. एलडीएल १२७, एपो-बी ११२, साखर ५.९. लॅबच्या छपाईत १३० च्या आत म्हणून एलडीएल काळं. पण ती रेष सरसकट सगळ्यांसाठी आखलेली. बाप ४६ ला गेला, भावाला ४२ ला अटॅक, स्वतःचं लायपोप्रोटीन-ए ८८, अशा बाईसाठी ती रेष नाही. मी तुमचा डॉक्टर असतो तर एलडीएल १०० च्या खाली, जमल्यास ७० कडे न्यायचा विचार मांडला असता. जे बदलत नाही त्याचं ओझं हलकं करायला जे बदलतं ते खाली ओढायचं, एवढंच आजच्या घडीला हातात आहे. ५.९ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा ओटा. ५.७ पासून तो सुरू होतो, ६.५ ला मधुमेह. बीपी १३०/८४ हेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

एपो-बीबद्दल दोन वाक्यं, कारण कोणी सांगत नाही. नळीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या प्रत्येक कणावर एपो-बीचा एकच रेणू असतो. म्हणून एपो-बी म्हणजे कणांची शिरगणती. एलडीएलचा आकडा म्हणजे त्या कणांच्या पोटातला माल. बहुतेक लॅबमध्ये एलडीएल मोजतही नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रानं काढतात. टोटलमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. तुमचं करून पाहा: १९९ वजा ४६ वजा २६. भावाचं करा: १८६ वजा ३८ वजा ३०. बरोबर ११८. त्यात लायपोप्रोटीन-एच्या पोटातलं कोलेस्टेरॉलही धरलं जातं, वेगळं दिसत नाही. तुमच्या भावाचा कागद खोटा नव्हता. त्यानं विचारलंच नव्हतं ते त्यात नव्हतं.

आता स्टेंटनंतर त्याचं एलडीएल ५५ च्या खाली आहे का ते बघा, ते ऑक्टोबरच्या कागदापेक्षा महत्त्वाचं. आणि शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून कोणी रोजची अॅस्पिरिन सुरू करू नका. भावाला ती लागते, तुम्हाला लागेलच असं नाही, पोटात रक्तस्राव होतो.

तेल. सोयाबीनच्या तेलानं एलडीएल वाढत नाही. वाढवतं ते साय, लोणी, पाम तेल, आणि पूर्वीचं वनस्पती तूप तर फारच. २०२२ पासून आपल्याकडे त्यातल्या ट्रान्स फॅट नावाच्या चरबीला दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तरी पोळी-पराठ्याला वनस्पती लावत असाल तर सोडा. तळणीतलं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला घेऊ नका. ३३ ग्रॅम वजनाच्या दृष्टीनं जास्त आहे, पण तुमच्या भावाचा अटॅक तुमच्या पिप्यातून आलेला नाही.

बुटीबोरी_शिफ्ट
१४ जुलै, रात्री ११:५५

सर, मध्येच घुसतो. मी ३६, बुटीबोरी एमआयडीसीत शिफ्ट इंजिनिअर. माझं लायपोप्रोटीन-ए १४० आलंय. काकूंचं ८८ ऐकून तर माझी झोपच उडाली. मी नेटवर नव्या इंजेक्शनचं वाचलं, पेलाकार्सेन. भारतात कधी येईल? मित्राचा भाऊ अमेरिकेत आहे, तो पाठवतो म्हणतो.

सुई_टोचणारी
१५ जुलै, दुपारी १:१०

दादा, तुमच्या रिपोर्टवर १४० पुढं काय लिहिलंय, मिलिग्रॅम की नॅनोमोल? दोन्ही चालतात आणि लोक तिथंच फसतात. नॅनोमोल असेल तर १२५ च्या वर जास्त धरतात, म्हणजे तुम्ही रेषेच्या थोडे पुढं. काकूंचा ८८ मिलिग्रॅम म्हणजे त्यांचा तुमच्यापेक्षा बराच जास्त. नेमकं रूपांतर होत नाही, कारण त्या शेपटाची लांबी माणसागणिक वेगळी. एका डब्यात मोठे बटाटे, एकात छोटे, तसं. वजनावरून नग मोजता येत नाहीत.

बुटीबोरी_शिफ्ट
१५ जुलै, दुपारी १:४०

नॅनोमोल. हुश्श. बायकोला सांगायचं काय आता, तिनं सासूबाईंना सुद्धा बोलावून घेतलंय.

निवृत्त_फिजिशियन
१५ जुलै, संध्याकाळी ७:००

इंजेक्शनबद्दल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पेलाकार्सेननं लायपोप्रोटीन-ए ८० टक्क्यांपर्यंत उतरलं, हे खरं. पण आकडा उतरणं आणि अटॅक टळणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्यासाठी वेगळी मोठी चाचणी लागते. माझ्या नोकरीच्या काळात नायसिन नावाचं औषध असंच वर चढलं होतं. एचडीएल वाढवतं, लायपोप्रोटीन-ए उतरवतं, सगळे आकडे सुंदर. निकाल आले तेव्हा अटॅक कमी नव्हते. टॉरसेट्रापिब तर एचडीएल भसाभस वाढवायचं. २००६ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणारे जास्त मरत होते. मित्राच्या भावाकडून हृदयाचं इंजेक्शन मागवायचं नाही, एवढं ऐका. तुम्ही सिगारेट ओढता का, ते सांगितलं नाहीत.

बुटीबोरी_शिफ्ट
१५ जुलै, संध्याकाळी ७:२०

... नाइट शिफ्टला दोन-तीन.

निवृत्त_फिजिशियन
१५ जुलै, संध्याकाळी ७:२५

तेच विचारत होतो. १४० पेक्षा ती तीन मोठी आहेत.

सक्करदरा_राजू
१५ जुलै, रात्री १०:३०

डॉक्टरसाहेब, एक विचारू का? सासऱ्याची अँजिओ नाहीच झाली, काकूचं बरोबर आहे. छातीत जळजळ होती म्हणे, ती गेली. त्यायले आता ६८ चालू आहे. घेऊन जाऊ का कोणाकडं?

निवृत्त_फिजिशियन
१५ जुलै, रात्री १०:४५

उद्याच घेऊन जा. चालताना जळजळ होत होती का हे विचारा, आणि ईसीजी करा.

डबेवाली_काकू
३० ऑगस्ट, रात्री १०:१५

मंडळी, उशीर झाला. अॅडमिशनचा सीझन होता, ३८ चे ४३ डबे झाले.

दाढ काढली. या वेळेला रक्त घरी न देता लॅबमध्येच जाऊन दिलं, सुईताईंनी सांगितलं म्हणून. समोर उभी राहून नळी फिरायला जाताना पाहिली. सीआरपी १.३. होमोसिस्टीन १६, तेही बी-१२ च्या गोळ्या सहा आठवडे घेऊन. रामदासपेठेतल्या फिजिशियननी सगळा कागद वाचला, तुमचं छापलेलंही वाचलं, हसले, आणि काळ्या आकड्यांवर पेनानं गोल केला. रोजुव्हास्टॅटिन १० सुरू केली. परवा एलडीएल ७८ आलं. साखरेसाठी संध्याकाळी चालते. फुटाळा नाही, तिथं आता गर्दी असते. सेमिनरी हिल्सवर जाते, माकडं सोबतीला असतात.

पराठ्याला वनस्पती लावत होते, खरं सांगते. बंद केलं. दोन पोरांनी ओळखलं, "काकू, पराठा बदलला." तर्रीचं तेल पाव कमी केलं, ते कोणालाच कळलं नाही. पिपा आता १३ दिवस जातो, तोही ४३ डब्यांत. २७ ग्रॅम.

भावाचं लायपोप्रोटीन-ए १०४ निघालं. त्याच्या डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना तपासायला सांगितलं, तेव्हा आईचंही केलं. ती ७२ ची आहे, सुईला भीत नाही, पैशाला भीते. तिचं आलं ९.

रिपोर्ट घेऊन घरी गेले. तिला समजावलं की एक प्रत आईची, एक बापाची, आणि तुझ्यात तर नाहीच, म्हणजे आम्हा दोघांना आलं ते बाबांकडून. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "म्हणजे त्यांच्या रक्तातच होतं?" मी म्हटलं, होतं. मग बराच वेळ काही बोलली नाही. शेंगा संपल्यावर म्हणाली, "मी उगा त्या रात्रपाळीच्या नावानं बोटं मोडली इतकी वर्षं." मी म्हटलं, आई, रात्रपाळी आणि बिडी दोघींनी हात लावलाच असेल, डॉक्टर म्हणतात असं ओझं एकावर एक चढतं. तर म्हणते, "बिडीचं बंडल तर मीच आणून द्यायची कोपऱ्यावरून." यावर मला काही सुचलं नाही. टरफलं भरून फेकून आले.

नातेवाइकांना कळवलं की तर्री नव्हती, सासरकडच्या कोणाचीही नजर नव्हती. मावशी म्हणाली, "असं काही रक्तात असते का?" तिलाही तपास म्हटलं, तर फोन ठेवला.

आता पोरगं. त्याचं करायचं ठरलं आहे. सहामाही झाली की शनिवारी नेते. घाबरलेला नाही, उलट वर्गात सांगून आला. फक्त एकच विचारून राहिला आहे, सकाळी उपाशी जावं लागते का. सुईताई, नाही लागत ना?

सुई_टोचणारी
३१ ऑगस्ट, दुपारी २:०५

नाही लागत ताई. पोहे खाऊन आणा त्याला. तर्री वेगळी घ्या.